गुडघ्याएवढं अंजीर

उंचीशी उभा दावा मांडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकी त्याच्याच घरी माझी मुलगी दिली. तामलवाडीचे आमचे व्याही. स्वतः चांगले ताडमाड, दाराची चौकट दिसली की सवयीनं मान खाली घालणारे. पण बाकी जगातली प्रत्येक वस्तू माणसाला बसल्या जागी हाताशी यावी, असं त्यांचं ठाम मत. हे मत त्यांनी नुसतं बाळगलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. त्यांनी ते घरभर अमलात आणलं. त्यांच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी कमरेएवढी. तिच्यावर लुगडं टाकायचं तर त्याच्या चार घड्या कराव्या लागतात आणि तरी काठ मातीला टेकतोच. भिंतीवरचं कॅलेंडर इतकं खाली की एकादशी कधी आहे हे पाहायला आधी मांडी घालावी लागते. घड्याळही त्याच ओळीत. त्यामुळं निघायची वेळ झाली का, हे पाहुण्याला चोरून बघता येत नाही, तो जरा वाकला की व्याही लगेच म्हणतात, "बसा की, गाडीला अजून येळ हाय." घरातला माळा त्यांनी काढून टाकला आणि माळ्यावरचं सामान पलंगाखाली सारलं. पुढं पलंगाचे पाय कापले, तेव्हा ते सामान कुठं गेलं हे विहीणबाईंना आजतागायत कळलेलं नाही. विजेची बटणंही त्यांनी बसल्या हाताला येतील अशी घेतली होती, पण नात रांगायला लागली तसा माझ्या मुलीनं धसका घेतला आणि ती बटणं वर सरकवावी लागली. त्या घरात खालून वर गेलेली ती एकमेव वस्तू, आणि तिच्याकडं व्याही अजून नाराजीनंच बघतात.

मुलगी बघायला ते तुळजापूरला आमच्या घरी आले, तेव्हाच खरं तर मला हे ओळखता आलं असतं. आम्ही सोफ्यावर नवी कोरी चादर घातली होती. व्याही आत आले, सोफ्याकडं एकदा बघितलं आणि भिंतीला टेकून सरळ खाली बसले. मुलाचा बाप खाली बसल्यावर बाकीच्यांनी वर कसं बसायचं? सगळी मंडळी खाली उतरली. माझ्या थोरल्या मेव्हण्याचे गुडघे धरलेले. तो बसला तो बसला, आणि बोलणी संपल्यावर त्याला दोघांनी काखेत हात घालून उठवला. ती चादर तशीच कोरी राहिली. लग्नात तर कहर झाला. कार्यालयातलं स्टेज उंच होतं. व्याही काही केल्या पायऱ्या चढेनात. मांडववाल्याला म्हणाले, खाली घ्या. तो म्हणाला, सिमेंटचं आहे. तेव्हा ते स्टेजच्या पुढ्यात खाली उभे राहिले आणि आलेल्या माणसांचे नमस्कार तिथूनच घेत राहिले. लग्नाच्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत वर नवरा-नवरी हसताहेत आणि खाली त्यांच्या पायांशी व्याह्यांचं फेटा बांधलेलं डोकं आहे. आमची ही अजून तो अल्बम कोणाला दाखवताना त्या डोक्यावर बोट ठेवते.

आता हा माणूस असा का, याचं गावात एकच उत्तर होतं. व्याही विजेच्या खात्यात वायरमन होते. सगळी नोकरी खांबावर गेली. तेव्हा कधीतरी पडले असतील, डोक्यावर परिणाम झाला असेल, असं लोक परस्पर ठरवून मोकळे झाले होते. मलाही तेच वाटायचं. मी तुळजापूरच्या स्टँडवर कंट्रोलर होतो. आमच्या खात्यातही असे एकदोन नग होते, त्यामुळं मी फार विचार केला नव्हता. एकदा त्यांच्याच ओट्यावर बसलो असताना मी विचारलं, की तुम्ही नक्की कुठं पडला होता. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. म्हणाले, "एकदा बी पडलो न्हाय, इवाई. एवढ्या वर्सात एकदा बी न्हाय. पर रोज सकाळी खांबाला हात लावला की वाटायचं, आज." ते पुढं म्हणाले की हे त्यांनी घरात कधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर बायकोनं नोकरी सोडायला लावली असती आणि मग खायचं काय. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल-नारळाची पिशवी घरात ठेवली आणि दारामागची शिडी उचलून ती पहिल्यांदा मागेल त्याला देऊन टाकली. त्या दिवसापासून त्यांनी वर बघायचंच नाही असं ठरवलं, आणि ठरवलेलं मोडायची त्यांना सवय नाही.

या सगळ्या बैठ्या संसाराचा कळस म्हणजे त्यांच्या परसातलं अंजीर. अंजिराच्या काड्या पुरंदरकडच्या कोणा पाहुण्यानं आणून दिल्या होत्या. एक काडी न्हाणीच्या पाण्यावर लागली, आणि अंजीर एकदा लागलं की ते काही कोणाला विचारून वाढत नाही. वर्षभरात ते छातीला आलं. व्याह्यांनी ते सरळ गुडघ्यावर छाटलं. विहीणबाई रडायच्या बाकी राहिल्या. पण व्याह्यांच्या डोक्यात सगळा नकाशा तयार होता. सोलापूर रस्त्याकडच्या द्राक्षबागा त्यांनी खांबावरून कितीतरी वर्षं पाहिलेल्या. तारेवर वेल कशी आडवी नेतात हे त्यांना पाठ होतं. फक्त द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो, तो त्यांना पटत नव्हता. त्यांनी न्हाणीपासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत दोन लोखंडी अँगल रोवले, त्यांना गुडघ्याच्या उंचीवर एक जाड तार ताणली आणि गवंड्याची पाणसळ आणून ती तार तोलून घेतली. तार बरोबर समपातळीत आली त्या दिवशी त्यांनी मला तुळजापूरला फोन करून कळवलं. मी अभिनंदन केलं. काय प्रकार आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पण व्याह्यांचं अभिनंदन करून ठेवलेलं बरं असतं.

छाटलेल्या खुंटाला फूट आली तेव्हा त्यांनी दोनच फुटवे ठेवले, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि बाकीचे खुडून टाकले. हे दोन्ही फुटवे एकदम तारेवर आणले तर बुडातून फाटतात. म्हणून ते आधी तिरपे बांधायचे आणि मग लाकूड कोवळं आहे तोवर दर आठवड्याला थोडे थोडे खाली घ्यायचे. बांधायला सुतळी नको, सुतळी काचते. जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या. ती लुगडी जुनी नव्हती असं विहीणबाईंचं म्हणणं आहे. असं करत करत झाडाचे दोन हात दोन्ही बाजूंना पसरले, आणि त्या हातांवर वितीवितीच्या अंतरानं सरळ काड्या उभ्या राहिल्या. अंजीर धरतं ते त्या काड्यांवर, पानाच्या बेचक्यात. नवरात्राची आणि कोजागिरीची गर्दी ओसरली की व्याही कात्री घेऊन बसणार आणि प्रत्येक काडी कोंबाचे दोन डोळे राखून छाटणार. होळीच्या सुमाराला फळ पिकायला लागणार. झाड दिसायला अगदी रस्त्याच्या कडेच्या कठड्यासारखं. नवा माणूस त्याच्यावर बसायलाच जायचा. शेजाऱ्यांनी विचारलं, हे झाड आहे का कुंपण आहे. व्याही शांतपणे म्हणायचे, "उभं झाड निस्तं वर बघतंय. आडवं पडलं की फळाचं बघतंय."

यात एक गोष्ट त्यांच्या नकाशात नव्हती. गुडघ्यावरचं फळ जसं बसलेल्या माणसाला सोयीचं, तसं उभ्या शेळीलाही सोयीचं. पहिल्या वर्षाचं सगळं पीक शेजारच्या शेळीनं एका दुपारी खाल्लं, पानांसकट. दुसऱ्या वर्षी शेळीचा बंदोबस्त झाला तर कोंबड्या आल्या. तेव्हा व्याह्यांनी झाडाभोवती जाळी उभी केली. झाड गुडघ्याएवढं आणि जाळी कमरेएवढी. आता फळ काढायला आत जायचं म्हणजे त्या ताडमाड माणसानं लुंगी खोचून जाळीवरून पाय टाकायचा, आणि आत गेल्यावर कमरेत दुमडून काम करायचं. त्यांची पाठ धरायला लागली. मग त्यांनी एक चौरंग आत नेऊन ठेवला आणि त्याच्यावर बसून, न्हाणीकडून भिंतीकडं सरकत सरकत ते छाटणी करायला लागले. अंजिराचा पांढरा चीक हाताला लागला की खाज सुटते, पानंही खरखरीत; त्यामुळं ते जुने पायमोजे हातात घालून बसत. परसात जाळीच्या पिंजऱ्यात चौरंगावर बसलेला, हातात पायमोजे घातलेला माणूस पाहून पोस्टमन एकदा टपाल न देताच परत गेला होता.

पण फळ म्हणाल तर नाव ठेवायला जागा नव्हती. जांभळट, पातळ सालीचं, देठाशी एक गोड थेंब आलेलं. व्याही ते पत्र्याच्या डब्यात अंजिराचंच पान खाली घालून तुळजापूरला घेऊन यायचे. जीपमध्ये डबा मांडीवर, आणि शेजारच्याचा कोपर लागू नये म्हणून त्याच्यावर दोन्ही हात. आमच्याकडं आले की डबा आधी माझ्यापुढं उघडायचे आणि मी खाताना माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. मी चांगलं म्हटलं तर त्यांचं समाधान व्हायचं नाही. कसं चांगलं, ते विचारायचे. बाजारातल्यापेक्षा चांगलं का, मागच्या साली दिलेल्यापेक्षा चांगलं का. एकदा मी वैतागून म्हणालो, इवाई, देवीच्या प्रसादानंतर हेच. त्यावर ते जे खूष झाले, ते पुढची चार वर्षं भेटेल त्याला माझं ते वाक्य सांगत होते.

आणि हे अंजीर ज्या एका माणसाला अगदी मापानं बसायचं, ती आमची नात, श्रावणी. माझी आणि त्यांची सामाईक मिळकत म्हणायची तर तेवढीच. तान्ही असताना, जाळी यायच्या आधी, तिला परसात गोधडी अंथरून त्या झाडाच्या टीचभर सावलीत निजवायचे. बसायला लागली तशी ती तारेला धरून उभी राहायला शिकली. मोठ्यांच्या जगात लहान पोराला सगळं वरून मिळतं. हिला मात्र एक झाड असं होतं की ज्याचं फळ ती स्वतः तोडायची आणि आजोबांना वाकून घ्यायला लावायची. कुठलं पिकलंय, कुठलं उद्या काढायचं, हे ती दाबून सांगायची. व्याही कौतुकानं म्हणायचे की झाडाची मालकीण ती आहे, आपण फक्त गडी.

श्रावणी चौथीत गेली तेव्हा तिची उंची हा घरात विषय झाला. वर्गातल्या मुली भराभर वाढल्या आणि ही मागं राहिली. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. माझ्या मुलीनं तिला सोलापूरला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं, आई-बापाच्या उंचीची चौकशी केली आणि सांगितलं की काही दोष नाही, काही मुली उशिरा वाढतात, ही पण वाढेल. इथं खरं तर विषय संपायला हवा होता. पण तामलवाडीला परत आल्यावर चहा घेताना विहीणबाई एकदम म्हणाल्या, "डॉक्टरला काय ठावं. तुमी वलांडलं हुतं तिला." हे व्याह्यांना उद्देशून. निजलेल्या पोराला आपल्याकडं ओलांडत नाहीत. ओलांडलं तर पोराची वाढ खुंटते, असं सगळे मानतात, आणि चुकून ओलांडलंच तर आल्या वाटेनं लगेच उलटं ओलांडायचं असतं म्हणजे दोष जातो. मी या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण स्टँडवर बाकावर पाय पसरून बसलो असताना कोणी माझे पाय ओलांडून गेलं, तर मी त्याला हाक मारून परत यायला लावायचो, हेही खरं आहे.

विहीणबाईंच्या सांगण्याप्रमाणं श्रावणी तान्ही असताना झाडाखाली निजली होती, व्याही हातात कात्री घेऊन नादात आले आणि तारेवरून, झाडावरून आणि पोरीवरून एकाच ढांगेत पलीकडं गेले. व्याह्यांना ते आठवत होतं. एवढी वर्षं त्यांनी ते कोणाला बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. पुढच्या रविवारी उपाय करायचा ठरलं आणि आम्हा दोघांनाही बोलावणं आलं. आम्ही मुलीकडची माणसं, नाही कसं म्हणणार. गेलो. जाळी बाजूला केली होती. तारेखाली गोधडी अंथरली होती आणि चौथीतली श्रावणी तिच्यावर हात पोटावर ठेवून उताणी पडली होती. तिच्या तोंडावर झाडाचा एक हात आडवा, चिंध्यांनी तारेला बांधलेला.

आता प्रश्न आला दिशेचा. उलटं ओलांडायचं तर आधी सुलटं कुठून ओलांडलं होतं हे ठरायला पाहिजे. विहीणबाई म्हणाल्या, घराच्या अंगानं आले होते आणि गोठ्याकडं गेले होते. व्याही म्हणाले, छे, गोठ्याकडून आलो होतो. माझ्या बायकोनं तोंड उघडायची काही गरज नव्हती, ती तेव्हा तिथं नव्हतीच. पण ती म्हणाली की हातात कात्री होती म्हणजे छाटणी आटपून घरात येत असणार. हे सगळ्यांना पटलं. त्या हिशेबानं व्याही, तशीच कात्री हातात घेऊन, घराकडून गोठ्याकडं ओलांडून गेले. पलीकडं पाय टेकल्या टेकल्या विहीणबाई म्हणाल्या, नाही नाही, कात्री आणायला घरात आले होते आणि परत चालले होते. म्हणजे आत्ता झालं ते उलटं नव्हतं, पुन्हा सुलटंच झालं; एकदा ओलांडलेली पोर दोनदा ओलांडली गेली. व्याह्यांनी घाईनं परत ढांग टाकली. आमची ही बोटांवर मोजून म्हणाली की मग आता आपण जिथं होतो तिथंच आलो, अजून एकदा राहिलं. आणि व्याही झाडाला वळसा घालून गोठ्याच्या बाजूनं तिसऱ्यांदा निघाले, तेव्हा नेमकं मीच विचारलं, की हे नक्की का. ते तारेच्या मधोमध थांबले. एक पाय इकडं, एक पाय तिकडं, लुंगी खोचलेली, खाली नात.

श्रावणी खालून त्यांच्याकडं बघत होती. ती रडत वगैरे नव्हती. तिनं शांतपणे विचारलं, "आजोबा, ह्याला तुमी वर जाऊ देत न्हाय. मला बी देणार न्हाय का?" मग तिनंच सांगितलं की शाळेत पोरं तिला विचारतात, तुझा आजा तुला पण तारेला बांधून ठेवतो का. बरेच दिवस विचारतात. मी हसायच्या बेतात होतो, पण व्याह्यांचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. त्यांनी तिसरी ढांग पुरी केली की मागं घेतली, हे मला खरंच आठवत नाही. ते खाली बसले, तिला गोधडीवरून उठवून उभी केली, तिच्या केसातला पाचोळा काढला आणि कात्री घेऊन घरात गेले. त्या दिवशी जेवायला पुरणपोळी होती, ती व्याही अर्धी पानात ठेवून उठले.

त्या साली कोजागिरी झाली, गर्दी ओसरली, पण व्याही छाटणीला बसले नाहीत. पाठ दुखत असेल असं सगळ्यांना वाटलं. मी दिवाळीनंतर गेलो तेव्हा झाडाच्या बांधलेल्या चिंध्या सोडून, धुऊन, कमरेएवढ्या दोरीवर वाळत घातलेल्या होत्या. मी विचारलं. ते म्हणाले, जाऊ दे त्याला कुठं जायचं ते. मी त्यांना समजावलं, की डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पोरीच्या उंचीचा झाडाशी काही संबंध नाही. त्यावर ते म्हणाले, "मला ठावं हाय, इवाई. पर तिला कुठं ठावं हाय?" मी स्टँडवर आयुष्यभर लोकांची समजूत घातली, उशिरा सुटणाऱ्या प्रत्येक गाडीला माझ्याकडं कारण तयार असायचं, इथं मात्र मी उठून दोरीवरच्या वाळलेल्या चिंध्यांच्या घड्या करायला लागलो. त्या माणसानं किती वर्षं खपून ते झाड तारेवर आणलं होतं हे मी बघितलं होतं. दर आठवड्याला एक बोटभर खाली. आणि आता ते मोकळं सोडून तो ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. मला त्यांचा फार कळवळा आला आणि थोडा रागही आला, की एका पोरीच्या बोलण्यावर एवढं कशाला.

अंजिरानं मात्र ही सूट लगेच घेतली. दोन्ही हात जून झालेले, ते तसेच आडवे राहिले, पण त्यांच्यावरच्या काड्या सरळ आभाळाकडं निघाल्या. दोन पावसाळ्यांत त्या भिंतीच्या वर गेल्या. पाला भरपूर, फळ कमी आणि तेही पार शेंड्याला. जाळी काढून टाकली होती. शेळीला आता काही मिळत नव्हतं, पण बुलबुल आणि साळुंक्या यांची चंगळ झाली. तुळजापूरला डबा येणं बंद झालं. व्याही आले तर येताना केळी आणायचे आणि मी कसं लागलं ते सांगायला लागलो तर विषय बदलायचे.

श्रावणी सातवीच्या सुट्टीत वाढायला लागली आणि थांबेचना. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, पण ते आता कोणाच्या लक्षात नव्हतं. विहीणबाईंच्या मते तिसऱ्या ढांगेनं काम केलं. आमच्या हिनं देवीला नवस बोलला होता, ते तिनं श्रावणी आजीच्या खांद्याच्या वर गेल्यावर सांगितलं. माझी मुलगी म्हणते अंडी. या चर्चेत व्याही कधी पडले नाहीत. ते फक्त ती शाळेतून आली की उठून उभे राहायचे आणि ती आपल्या कुठपर्यंत लागते ते बघून परत बसायचे.

यंदा श्रावणीची दहावी झाली. लातूरला अकरावीला पाठवायचं ठरलंय. मे महिन्यात आम्ही तामलवाडीला गेलो होतो. ऊन उतरल्यावर मी आणि व्याही मागच्या पायरीवर बसलो होतो. श्रावणी परसात आली, अंजिराकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, ह्याला परत खाली आणू." तिला लहानपणची अंजिरं आठवत होती. तिनं एक काडी धरली, मनगटाएवढी जाड झालेली, आणि तिला अंगाचा भार देऊन वाकवायला लागली. व्याही बसल्या जागेवरून म्हणाले की सोड, आता ते जून झालंय, वाकवलं तर बुडातून फाटेल. मग छाटू, ती म्हणाली. तुम्हीच गुडघ्यावर छाटलं होतं ना. ते नको म्हणाले. राहू दे म्हणाले. तेव्हा ती येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. विज्ञान वगैरे शिकलेली मुलगी. तिनं हिशेबच मांडला, की ओलांडल्यानं कोणी बुटकं राहत नाही आणि झाड सोडल्यानं कोणी वाढत नाही, मी तर तशीही वाढलेच असते. मग तुमचं एवढं चांगलं अंजीर गेलं ते उगीचच की.

व्याही तिच्याकडं बघायला मान वर करून बसले होते. म्हणाले, "वाढलीच असतीस, बाई. पर माझ्यावर रागावून वाढली असतीस."

श्रावणी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि त्यांचा हात तिनं आपल्या हातात घेतला. माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते मी घामाच्या नावावर पुसलं. समोर शेंड्यावर चार-दोन अंजिरं पिकली होती आणि साळुंक्या ती खात होत्या. आम्ही तिघंही बघत बसलो. त्यांना हुसकावायला कोणी उठलं नाही.